पैसा वसूल

आमचे मेहुणे गेल्या थंडीत दोन दिवसांसाठी पुण्याहून सोलापूरला आले आणि तेवढ्यात 19 वेळा ‘पैसा वसूल’ म्हणाले. मी मोजत होतो. पाहुण्याचं बोलणं मोजू नये हे मला कळतं. पण पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंतच आकडा सातावर गेला, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, बारीक रेघा मारायला सुरुवात केली. सौ.ला वाटलं, गवळ्यानं परस्पर रतीब वाढवला.

मेहुणे सकाळी तळ्यातल्या सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, “दाजी, पैसा वसूल!” सिद्धेश्वराच्या दर्शनाला पैसे पडत नाहीत. नंतर त्यांनी कडक भाकरीवर शेंगाची चटणी आणि दही घेऊन तीन भाकऱ्या संपवल्या आणि पुन्हा म्हणाले, “पैसा वसूल!” भाकरी आमची, चटणी आमची, दही आमचं, आणि वसुली यांची. मी विचारलं, “कुणाचा पैसा?” तर हसले. हसताना पाठीवर थाप मारली. बहुतेक तीही त्यांना वसूल वाटली असावी.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्याच महिन्यात एका तेराव्याला गेलो होतो. पंगत उठली, पानसुपारी झाली, आणि माझ्या शेजारचे गृहस्थ ढेकर देत म्हणाले, “काही म्हणा, म्हातारी गेली, पण जेवण पैसा वसूल होतं.” म्हातारीचे आणि यांचे काय व्यवहार होते ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की या शब्दाच्या विरोधात एकदा सविस्तर लिहायचं. आजवर आळसामुळे राहिलं. मेहुण्यांनी ती उणीव भरून काढली.

आधीच सांगून टाकतो, मी भाषाशुद्धीवाला नव्हे. किंमत, बाजार, दुकान, नफा, फायदा, जमा, खर्च, बाकी हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले पाहुणे, आणि आता घरचेच झालेले. त्यांना बाहेर काढायचं म्हटलं तर मराठी माणसाला भाजी आणायला संस्कृतात जावं लागेल, आणि तिथं भाजीवर कोथिंबीर फुकट मिळेल याची खात्री नाही. ‘वसूल’ हाही तसाच अरबीतून आलेला. मूळचा अर्थ अगदी निरुपद्रवी. पोचणं, हाती येणं. माझी तक्रार शब्दाच्या जन्माबद्दल नाही, त्याच्या नोकरीबद्दल आहे. आपल्याकडे तो आला तोच कचेरीतून. सारा वसूल, थकबाकी वसूल, दंड वसूल. वसुलीला पाटील जायचा, कुलकर्णी दप्तर घेऊन मागं बसायचा आणि दोघांच्या डोक्यावर मामलेदार असायचा. पुढं बँकांची माणसं मोटारसायकलवरून जाऊ लागली. वाहन बदललं, चेहरा तोच.

आता यातली खोच बघा. वसूल करायचं म्हणजे समोरचा आधी देणेकरी असावा लागतो. मी दुकानात गेलो, पैसे दिले, वस्तू घेतली. व्यवहार संपला. पण नाही! ‘पैसा वसूल’ म्हणणाऱ्याच्या मनात तो तिथून पुढं सुरू होतो. त्यानं पैसे दिले म्हणजे जणू कर्ज दिलं. दुकानदार, आचारी, नट, विणकर, सगळे त्याचे थकबाकीदार. तो घरी येऊन वस्तू उलटीपालटी करून बघतो, आणि दिल्यापेक्षा जास्त हाती लागलं असं वाटलं तरच त्याचा जीव भांड्यात पडतो. बरोबरीचा व्यवहार झाला तर त्याला फसल्यासारखं वाटतं.

लग्नातल्या बुफेत हा माणूस बघावा. तिथं त्यानं आहेराचं पाकीट दिलेलं असतं, म्हणजे रक्कम नक्की असते. मग तो पोळी-भाजीकडे बघतसुद्धा नाही. ‘पोटात जागा अडते’ म्हणतो. पनीर, गुलाबजाम, आइस्क्रीम आणि पुन्हा पनीर अशा क्रमानं वसुलीचा दौरा चालतो. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा ‘हवं तेवढं खा’ अशा थाळीच्या ठिकाणी 14 पुरणपोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्याकडून थाळीच्या तिप्पट वसूल केले.

सिनेमावाल्यांनी तर हे नावच घेऊन टाकलं. 2004 साली याच नावाचा हिंदी सिनेमा आला, 2017 साली तेलुगूत आला. म्हणजे आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं घरात तेलुगू आणि दुकानात मराठी चालतं, तिथं हा शब्द दोन्ही दारांनी आत शिरला.

तुम्ही म्हणाल, यापूर्वी मराठी माणूस काय म्हणायचा? पुष्कळ काही म्हणायचा. पण त्या शब्दांची आपण जी गत केली ती ऐका.

‘महाग’ हा शब्द ‘महार्घ’वरून आला. मोठ्या मोलाचा तो महार्घ. त्याच्याच घराण्यात ‘समर्घ’ म्हणून एक शब्द होता, त्याचा झाला ‘सवंग’. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशात सवंग म्हणजे साधासुधा स्वस्त. धान्य सवंग झालं ही त्या काळी आनंदाची बातमी, पोरंबाळं पोटभर जेवतील अशी. आणि आज? सवंग लोकप्रियता, सवंग करमणूक, सवंग विनोद. (शेवटचा शब्दप्रयोग माझ्या पहिल्या पुस्तकाच्या परीक्षणात होता, म्हणून माझ्या चांगला लक्षात आहे.) गरिबाला परवडणारा जो भाव, त्याचं नाव घेऊन आपण शिवी तयार केली. महागाला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत. ‘महाग विनोद’ अशी टीका मी अजून वाचलेली नाही.

‘किफायत’ हा दुसरा. अरबीत त्याचा अर्थ पुरेसं असणं. किती समाधानी शब्द! पुरलं की झालं. तो आता फक्त जाहिरातीत सापडतो, तोही मागं ‘शीर’ लावून, आणि बहुधा ज्या फ्लॅटची किंमत ऐकून घेरी यावी त्या फ्लॅटच्या. तिसरा ‘रास्त’. म्हणजे सरळ, योग्य. ना तुम्हाला जड, ना मला. याची आपण रेशनच्या दुकानावर पाटी केली, आणि पाटीखाली एवढी लांब रांग लावली की लोकांना रास्त म्हटलं की पाय दुखल्याचं आठवतं.

आमची आजी यांपैकी एकही शब्द वापरायची नाही. ती म्हणायची, “पुरवठ्याला येतं.” सांडगे पुरवठ्याला येतात, जाड मीठ पुरवठ्याला येतं, एक आत्या होती ती पुरवठ्याला येत नसे, तिची पाठवणी आजी लवकर करी.

पण माझा खरा वकील वेगळाच शब्द आहे. ‘परवडणं.’

कोशात ‘परवड’ आणि ‘परवडणे’ अगदी शेजारीशेजारी राहतात. पहिली हालअपेष्टा, दुसरं झेपणं. आमच्या गावात पुष्कळांच्या घरी दोन्ही एकाच खोलीत राहतात, तेव्हा या शेजाराचं आम्हाला नवल नाही. या शब्दाचं व्याकरण बघा. ‘मी पैसे वसूल केले’ यात मी छाती काढून पुढं. ‘मला परवडलं’ यात कर्ता ती वस्तू. मी आपला चतुर्थी विभक्तीत बाजूला उभा. आवडणं, मानवणं, पुरणं आणि परवडणं ही सगळी एका वळणाची क्रियापदं, जिथं माणसाला जरा मागं सरकावं लागतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा शब्द गिऱ्हाईकही वापरतो आणि दुकानदारही वापरतो. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना एकच वाक्य सांगतात. परवडत नाही. वसूल हा शब्द असा दोघांच्या तोंडी घालून बघा, मारामारी होईल.

हे मी पुस्तकात शिकलो नाही, चाटी गल्लीत शिकलो. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. त्यांच्या नावाची गल्ली आमच्याकडे अजून आहे. 1974 सालची गोष्ट, मी तिसरीत होतो. गड्ड्याची जत्रा नुकतीच झाली होती आणि थंडी रेंगाळली होती. वडील मला घेऊन चादर आणायला गेले. दुकानदारानं गादीवर बसवलं, पाणी दिलं, चादर उलगडली आणि म्हणाला, “बावीस.”

वडील म्हणाले, “सोळा.”

“परवडत न्हाई ओ, मालक.”

“मला तरी कुठं परवडतंय? कारकुनाचा पगार.”

यावर दुकानदारानं वडिलांना पगार विचारला. वडिलांनी सांगितला. दुकानदारानं सुताचा भाव सांगितला. वडिलांनी घरात माणसं किती ते सांगितलं. दुकानदारानं त्याच्या घरात किती ते सांगितलं, त्यात त्याची एक बहीण माहेरी परत आली होती. मला वाटलं, आता दोघं रडणार. अर्ध्या तासानं साडेअठराला सौदा मिटला. वडील म्हणाले, “तुम्हाला परवडलं ना?” दुकानदार म्हणाला, “तुम्हास्नी परवडलं ना?” माझ्या हातावर त्यानं एक गोळी ठेवली. दोघंही थोडे थोडे नाराज होते, आणि मला वाटतं चांगल्या सौद्याची हीच ओळख असावी, पण ते जाऊ दे.

ती चादर अजून घरात आहे. सुती, जाडजूड, जेकार्डच्या मागावरची. एका बाजूला तांबड्यावर पिवळे मोर, उलटी केली की पिवळ्यावर तांबडे मोर. पहिली काही वर्षं ती नुसती पेटीत होती, पाहुण्यांसाठी. मग ती वडिलांनी पांघरली. माझ्या दहावीच्या वर्षी मी ती डोक्यावरून घेऊन पहाटे अभ्यासाला बसायचो आणि तिच्या आत झोपायचो. माझ्या लग्नात तिच्यात अक्षतांचे तांदूळ बांधून नेले. पुढं तिनं पांघरूण सोडलं आणि ती अंथरूण झाली. मग घडी घालून इस्त्रीखाली गेली. मुलगी लहान असताना तिचा दोन खुर्च्यांवर तंबू झाला. त्यानंतर तिच्यावर गच्चीत कुरडया वाळल्या. घर बदललं तेव्हा तिच्यात कपाटाचा आरसा गुंडाळून नेला, आरसा फुटला नाही. आता एक तुकडा स्वयंपाकघराच्या दाराशी पायपुसणं आहे आणि उरलेली अर्धी अधिक चादर सौ.नं कपाटात ठेवली आहे. ‘लागते’ म्हणते. सगळे मोर आता शेपटीविना आहेत, पण मान ताठ आहे. साडेअठरा रुपये. वडील कधी ‘वसूल झाले’ म्हणाले नाहीत. हिशेब कधीच बंद झाला नव्हता ना, वसूल म्हणणार कधी?

हे सगळं मला मेहुण्यांच्या 16 व्या ‘पैसा वसूल’ला आठवलं. कारण 16 वा होता चादरीवर.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय. पाहुण्यांना आहेरात सोलापुरी चादरी द्यायच्या, पन्नास. मला बरं वाटलं. म्हटलं, उद्या जाऊ चाटी गल्लीत. तर म्हणाले, “छे! पुण्यातच रस्त्यावर मिळाल्या की. नमुना आणलाय तुमच्यासाठी.” आणि त्यांनी पिशवीतून एक चादर काढली. सोलापुरात राहणाऱ्या माणसासाठी पुण्याहून सोलापुरी चादर! “180 रुपये फक्त. दाजी, पैसा वसूल!”

मी ती हातात घेतली. हातात घेतली असं म्हणायचं, हाताला काही लागलं नाही. वर लेबल होतं, ‘अस्सल सोलापूरी’. त्यातला ‘पू’ दीर्घ होता. सोलापूर दीर्घ, सोलापुरी ऱ्हस्व. सोलापुरात ज्यांचा जन्म गेला ते असं लिहिणार नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार होतो, पण आमच्या गावातल्या पाट्या डोळ्यांसमोर आल्या आणि गप्प बसलो. मोर मात्र फक्त एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला नुसते डाग.

सोलापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चादरी तिकडं पानिपतात निघतात, अशी तक्रार आमचे कारखानदार कित्येक वर्षं करताहेत. पानिपतात जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा फार मोठा धंदा आहे. त्यात वाईट काही नाही, चिंधीलाही संसार असावा. पण त्यावर आमच्या गावाचं नाव कशाला? 2005-06 साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे नाव फक्त इथल्या चादरीचं, असा कायद्याचा शिक्का. शिक्का कागदावर बसला, चादरीवर बसायचा राहिला. मराठी माणसाचा 1761 साली पानिपतावर एकदा पराभव झाला. त्याला निदान वीरश्री होती. या वेळी आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून, घासाघीस करून, पैसे मोजून हरतोय, आणि वर ‘पैसा वसूल’ म्हणतोय.

मी मेहुण्यांना शास्त्रीय पुरावा द्यायचं ठरवलं. सुती धागा जाळला की कागदासारखा जळतो आणि हलकी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. मी चादरीचा एक दोरा ओढला आणि काडी पेटवली. मणी झाला. सिद्ध झालं. पण सिद्धतेच्या भरात मी दोरा चादरीपासून तोडायला विसरलो होतो. रुपयाएवढं भोक पडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मेहुणे म्हणाले, “पण दाजी, हा आहेर होता.” सौ. काही म्हणाली नाही. तिनं खिडकी उघडली. तिचा भाऊ आणि तिचा नवरा यांच्यात तिनं नेहमीच खिडकी उघडलेली आहे.

मेहुणे कॉम्प्युटरमधले. म्हणून मी त्यांना सांगितलं की लिऑन शहरातल्या जोसेफ मारी जाकार यानं 1804 च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग काढला. कुठला ताणा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा ते पुठ्ठ्याचं भोक सांगतं, आणि कॉम्प्युटरची पंचकार्डं त्याच वंशातली. म्हणजे तुमचे पूर्वज आमच्या पूर्व भागात खटाखट चालतात. त्यांना हे आवडलं. दुसऱ्या दिवशी ते माग बघायला यायला तयार झाले.

माझ्या ओळखीचे एक विणकर आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग आहेत. पूर्वी सहा होते, आता चार. दोन भंगारात किलोवर गेले. आवाज एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मी अण्णांना भोकाची चादर दाखवली. त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळली, बस्स. माग बंद करून म्हणाले, “अर्ध्या किमतीत कशी देतात, सांगू का? सुतात मारतात, वजनात मारतात, न्हाईतर विणणाऱ्याला मारतात. चौथी जागाच न्हाई.”

मेहुण्यांनी विचारलं, “मग तुम्हीही तशी काढा की.”

“परवडंना, साहेब.”

“तशी काढायला परवडत नाही?”

“मन परवडंना.”

मला हे वाक्य ऐकून फार आनंद झाला. माझ्या लेखाचा शेवट मिळाला असं वाटलं. पण शेडच्या कोपऱ्यात अण्णांची बाज होती. रात्रपाळीला ते तिथंच पडतात. बाजेवर घडी घातलेलं पांघरूण होतं. तकतकीत, हिरवंगार, हाताला गिळगिळीत. मेहुण्यांनी आणलेल्या चादरीचीच बहीण. मी काही बोललो नाही, पण माझी नजर अण्णांनी बघितली.

“बाजारातनं आणली,” ते म्हणाले. “आपली कुठली परवडती आपल्याला?”

त्यांची बायको दाराशी विड्या वळत बसली होती. हजार विड्यांमागं मजुरी मिळते. ती मान वर न करता तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि अण्णा हसले. आम्हाला त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून माझा लेख अडला. मी रोज संध्याकाळी कागद पुढं घ्यायचो आणि अण्णांचं हिरवं पांघरूण पुढं यायचं. त्यांना मी काय सांगणार? सुती घ्या, टिकतं? त्यांनी मला शिकवायचं ते मी त्यांना शिकवणार? हजारावर विड्या वळणाऱ्या बाईनं दीडशेची चादर घेतली तर ती ‘पैसा वसूल’ म्हणत नाही. ‘भागलं’ म्हणते. वसुलीची भाषा तिची नव्हेच. ज्यांना साडेअठरा काय, अठराशेसुद्धा जड नाहीत, ती माणसं हा शब्द घेऊन बाजारात फिरतात, आणि बाजार त्यांच्याकडे बघून चादर आणखी एक धागा पातळ करतो. मग ज्याला एकच घ्यायची आहे त्यालाही तीच मिळते.

‘परवडत नाही’ हा शब्दसुद्धा अगदी साळसूद आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गावची जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली. मग नरसिंग गिरजी झाली, लक्ष्मी झाली, विष्णु झाली. त्यांच्या भोंग्यांवर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. एकेक भोंगा थांबला तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून हेच म्हणालं असणार, परवडत नाही. आणि त्या वेळी समोर बसून ‘मला तरी कुठं परवडतंय’ म्हणायला कामगाराला कुणी गादीवर बोलावलं नाही, पाणी दिलं नाही. शब्द दोघांचा आहे हे खरं, पण दोघंही खोलीत पाहिजेत.

असो. मेहुणे निघायच्या आधी मी त्यांना चाटी गल्लीत नेलंच. पन्नास नाही, पंचवीस घेऊ म्हणाले, बाकीच्यांना पेढे. दुकानदारानं चादर उलगडली. दोन्ही बाजूंनी मोर. मेहुण्यांनी वजन करून बघितलं, उजेडात धरून बघितली, आणि काडेपेटीसाठी खिशात हात घालायला लागले तेव्हा मी तो धरला. भाव निघाला. मेहुणे निम्म्यावर आले.

“परवडत न्हाई ओ, साहेब.”

मेहुणे माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तुमच्या त्या शब्दाचा हा माणूस फार दुरुपयोग करतोय.”

“तुम्हीही करा,” मी म्हटलं.

मग त्यांनी केला. मुलीचं लग्न, कार्यालयाचं भाडं, सोन्याचा भाव, व्याह्यांची माणसं. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि सुताचा भाव, विजेचं बिल आणि स्वतःच्या पोराची इंजिनियरिंगची फी सांगितली. चहा आला. पाऊण तासानं पंचवीस चादरींचा सौदा मिटला. दोघांचेही चेहरे थोडे थोडे पडलेले होते. मला 1974 सालची गोळी आठवली आणि तोंडाला पाणी सुटलं.

चादरी बांधता बांधता मेहुण्यांनी विचारलं, “पिशवी?”

“मोठी पिशवी दहा रुपये, साहेब.”

पंचवीस चादरी घेतल्यावर पिशवीचे दहा! मेहुण्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आधी दुकानदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विसावा येणार. पण ते काहीच बोलले नाहीत. नुसते बघत राहिले, माझ्याकडेच.

दहा रुपये मी दिले.